यूजर्सच्या यादीवरचा लूप मधेच संपतो, अडकतो किंवा कोसळतो : एलएलव्हीएम पासमधली नेहमीची तक्रार

एलएलव्हीएम या कंपायलर-संचावर पहिला पास, म्हणजे प्रोग्रामचा मध्यवर्ती कोड तपासणारा किंवा बदलणारा टप्पा, लिहिणारा माणूस फार वेळ न जाता या तीनपैकी एका ठिकाणी येऊन अडतोच. एका व्हॅल्यूचे (कोडमधल्या एका किमतीचे) सगळे वापर बदलायचे होते, लूप चालला, एरर नाही, पण बदलला एकच वापर. किंवा तोच कोड दुसऱ्या फंक्शनवर चालवला तर ऑप्ट (पास चालवणारं एलएलव्हीएमचं साधन) परतच येत नाही, लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय आणि टर्मिनल गप्प. किंवा लूप नीट संपतो, पासही नीट संपतो आणि दोन पास पुढे, आपल्या कोडशी काही घेणंदेणं नसलेल्या ठिकाणी, सेगमेंटेशन फॉल्ट.

नागपुरात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की आयटी पार्कच्या बाहेर पोह्याच्या ठेल्यावरसुद्धा हे ऐकू येतं. "दादा, पास चालून राहिला, पण एकच जागा बदलून राहिला बे." हा प्रश्न इतक्यांदा आला की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. फंक्शनची नावं आणि एरर मेसेज इथे देवनागरीतच दिले आहेत. मोठ्याने वाचलंत की मूळ स्पेलिंग लगेच लक्षात येईल.

घाईत असाल तर एवढं घ्या: लूप लिहिण्याआधी ठरवा की तुम्ही फक्त वाचणार आहात, वापर बदलणार आहात की इन्स्ट्रक्शन पुसणार आहात. तिन्ही कामांना एकच लूप चालत नाही. का चालत नाही, ते खाली.

यादी नेमकी कशाची असते

एसएसए (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) या मध्यवर्ती कोडच्या स्वरूपात प्रत्येक व्हॅल्यूची व्याख्या एकदाच होते, वापर कितीही होऊ शकतात. एलएलव्हीएम हे नातं दोन्ही बाजूंनी जपतं. इन्स्ट्रक्शनकडून तिच्या ऑपरंडकडे, म्हणजे ती वापरते त्या व्हॅल्यूंकडे, जाता येतं, त्याला यूज-डेफ म्हणतात. व्हॅल्यूकडून ती जिथे जिथे वापरली तिकडे जाता येतं, ते डेफ-यूज. दोन्ही दिशांचे लूप दिसायला इतके सारखे असतात की दोन्ही सारखेच सुरक्षित असतील असं गृहीत धरलं जातं. तिथेच घोळ सुरू होतो.

ऑपरंड अॅरेमध्ये ओळीने बसलेले असतात. त्यांच्यावर फिरता फिरता एखादा बदलला तरी पुढचा आपल्या जागी असतोच. त्या दिशेला फारसा त्रास नाही. एवढंच लक्षात ठेवा की ब्रँचच्या ऑपरंडमध्ये बेसिक ब्लॉकही (मधे फाटा नसलेल्या इन्स्ट्रक्शनच्या सरळ मालिका) येतात, आणि कॉल इन्स्ट्रक्शनचा शेवटचा ऑपरंड म्हणजे बोलावलेलं फंक्शनच असतं. फक्त आर्ग्युमेंट हवी असतील तर ऑपरंड्स() ऐवजी आर्ग्ज() वापरा.

दुसरी दिशा मात्र लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक वापरासाठी यूज नावाचा एक छोटा ऑब्जेक्ट असतो आणि त्यात चार पॉइंटर असतात: कोणती व्हॅल्यू वापरली, यादीतला पुढचा यूज, मागची कडी, आणि ज्या इन्स्ट्रक्शनमध्ये हा वापर आहे ती, म्हणजे यूजर. 64 बिटच्या मशीनवर हे 32 बाइट होतात. हे यूज ऑब्जेक्ट मेमरीत यूजरला लागूनच, त्याच्या अगदी आधी ठेवलेले असतात. फाय (आधीच्या वेगवेगळ्या ब्लॉकमधून आलेल्या किमतींपैकी एक निवडणारी) आणि स्विचसारख्या, ऑपरंड वाढू शकणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये ते वेगळ्या तुकड्यात असतात, पण मालकी यूजरचीच. थोडक्यात, यूजची मेमरी यूजरची आणि साखळी व्हॅल्यूची. तक्रारी तीन असल्या तरी त्या सगळ्या या एका व्यवस्थेतून निघतात.

आणखी एक: नवा यूज यादीत नेहमी सुरुवातीला जोडला जातो, शेवटी नाही. म्हणून टेक्स्ट फाइलमधून वाचलेल्या साध्या फंक्शनमध्ये यादीत पहिला येतो तो साधारणपणे फंक्शनमधला शेवटचा वापर. "पहिली जागा बदलायला पाहिजे होती, शेवटचीच कशी बदलली?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

एकच वापर बदलतो किंवा लूप संपतच नाही

बहुतेकांचा लूप असा असतो. क ही जुनी व्हॅल्यू, ख ही नवी.

क->यूजेस() मधल्या प्रत्येक यू साठी:
    यू.सेट(ख)

सेट() काय करतं ते ओळीने बघा. आधी यू ला क च्या यादीतून काढतं. मग त्यात ख ही व्हॅल्यू भरतं. मग यू ला ख च्या यादीच्या सुरुवातीला जोडतं, म्हणजे यू चा 'पुढचा' हा पॉइंटर आता ख च्या यादीतल्या जुन्या पहिल्या कडीकडे बघतो. एवढं झाल्यावर लूप पुढे सरकतो, आणि सरकतो म्हणजे यू च्या 'पुढचा' या पॉइंटरवरून जातो. खापरीकडे निघालेला माणूस सीताबर्डीला ऑरेंज लाइन सोडून लोकमान्य नगरच्या अ‍ॅक्वा लाइनमध्ये बसला, तर त्याचं पुढचं स्टेशन काँग्रेस नगर राहत नाही, झाशी राणी चौक होतं. लूपचं तसंच होतं. त्याच्याही नकळत तो क ची यादी सोडून ख च्या यादीवर गेलेला असतो.

आता ख नुकतीच बनवलेली असेल आणि तिला एकही वापर नसेल, तर 'पुढचा' रिकामा असतो. लूपला वाटतं यादी संपली. एक वापर बदलला, बाकीचे क कडेच राहिले. पहिली तक्रार झाली.

ख ला आधीपासून एक वापर असेल तर गंमत वेगळी. क च्या यादीत क1, क2 आहेत आणि ख च्या यादीत ख1 आहे असं समजा. क1 सेट झाला की ख ची यादी होते क1, ख1. लूप ख1 वर जातो. त्यालाही सेट(ख) होतं. तो आधीच ख चा आहे, पण सेट() ते तपासत नाही. ते ख1 ला काढतं आणि परत सुरुवातीला लावतं. यादी झाली ख1, क1. ख1 च्या पुढे आता क1 आहे, म्हणून लूप क1 वर. त्यालाही काढून सुरुवातीला लावलं. यादी परत क1, ख1. हे असंच चालू राहतं आणि क2 ची पाळी कधीच येत नाही. पंखा घोंघावतो तो यामुळे. कागदावर हे दोन-तीन फेऱ्या काढून बघा, डिबगरपेक्षा लवकर पटतं.

म्हणजे 'एकच बदलतो' आणि 'अडकतो' हे दोन वेगळे बग नाहीत. ख ला आधी वापर होता की नव्हता, एवढाच फरक. मुलं एका टेस्ट फाइलवर एक लक्षण बघतात, दुसरीवर दुसरं, आणि दोन वेगळे उपाय शोधत बसतात.

उपाय. सगळेच वापर बदलायचे असतील तर लूप लिहूच नका. रिप्लेस-ऑल-यूजेस-विथ हे फंक्शन त्यासाठीच आहे. ते यादी संपेपर्यंत प्रत्येक वेळी सुरुवातीचा यूज उचलतं, म्हणून त्याला 'पुढचा' लागतच नाही. शिवाय ते अशी दोन कामं करतं जी तुमच्या हाताने लिहिलेल्या लूपमध्ये राहून जातात. त्या व्हॅल्यूवर बसवलेल्या व्हॅल्यू-हँडलना (व्हॅल्यूवर लक्ष ठेवणाऱ्या पॉइंटरना) बदल कळवतं, आणि मेटाडेटातून होणारे वापर, म्हणजे डिबग माहितीसुद्धा, नव्या व्हॅल्यूकडे वळवतं. डिबग माहितीतला वापर यूजर्स() च्या यादीत दिसतच नाही, आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे. -जी (डिबग माहिती मागणारा पर्याय) दिलं म्हणून ऑप्टिमायझेशनचा निर्णय बदलता कामा नये. पण म्हणूनच हाताने सेट() करत गेलात आणि मग जुनी इन्स्ट्रक्शन पुसलीत, तर कोड बरोबर येतो आणि डिबगरमध्ये व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतं.

काहीच वापर बदलायचे असतील तर रिप्लेस-यूजेस-विथ-इफ. त्याला एक छोटी अट द्यायची, प्रत्येक यूजसाठी हो किंवा नाही सांगणारी. ठरावीक ब्लॉकच्या बाहेरचे वापर बदलण्यासाठी रिप्लेस-यूजेस-आउटसाइड-ब्लॉक तयारच आहे. यांतलं काहीच बसत नसेल आणि लूपच लिहायचा असेल, तर यूजेस() ला मेक-अर्ली-इंक-रेंजमध्ये गुंडाळा. ते लूपच्या शरीरात शिरण्याआधीच पुढची कडी धरून ठेवतं, मग हातातल्या यूजचं काहीही करा.

फक्त हातातल्या यूजचं. हे वाक्य परत वाचा, कारण पुढची फजिती इथलीच आहे. बरेच जण लूपमध्ये यू.सेट(ख) ऐवजी यू.गेटयूजर()->रिप्लेस-यूजेस-ऑफ-विथ(क, ख) लिहितात. दिसायला तेच काम. पण हे फंक्शन त्या यूजरमधले क चे सगळे ऑपरंड एकदम बदलतं. यूजर जर

%वर्ग = मल आय32 %क, %क

असा (क गुणिले क) असेल तर त्यात क चे दोन यूज आहेत आणि ते यादीत बहुधा शेजारी-शेजारीच असतात. पहिला हातात, दुसरा 'पुढचा' म्हणून धरून ठेवलेला. तुम्ही दोन्ही हलवले. धरून ठेवलेली कडी आता ख च्या यादीत आहे. परत लाइन बदलली, परत लूप अर्धवट. "अर्ली-इंक लावून पण तसंच होऊन राहिलं" असं कुणी म्हणालं की मी आधी ही ओळ शोधतो, आणि बहुतेक वेळा ती सापडते.

नवी व्हॅल्यू स्वतःलाच वापरते

हा प्रोजेक्टवाल्या मुलांचा खास आवडता. प्रत्येक किमतीवर एक तपासणी बसवायची असते, म्हणून ते लिहितात:

%ख = कॉल आय32 @तपास(आय32 %क)

आणि मग क चे सगळे वापर ख ने बदलतात. 'सगळे' मध्ये हा कॉलसुद्धा आला, कारण तोही क वापरतो, आणि नुकताच बनल्यामुळे यादीत सगळ्यात पुढे तोच आहे. हाती येतं %ख = कॉल आय32 @तपास(आय32 %ख), आणि व्हेरिफायर (कोड एलएलव्हीएमच्या नियमांत बसतो का ते तपासणारा भाग) सांगतो: "ओन्ली फाय नोड्स मे रेफरन्स देअर ओन व्हॅल्यू!"

रिप्लेस-यूजेस-विथ-इफमध्ये 'यूजर ख नसेल तर' एवढी अट पुरते. दुसरी रीतही चालते: आधी सगळं बदलून घ्या, मग ख चा ऑपरंड 0 परत क करा. मला पहिली जास्त आवडते. वाचणाऱ्याला हेतू कळतो.

याचाच चुलतभाऊ म्हणजे "इन्स्ट्रक्शन डझ नॉट डॉमिनेट ऑल यूजेस!" ख ज्या जागी घातली त्या जागेच्या आधीच क चा एखादा वापर असेल, तर तो ख कडे वळवता येत नाही. ख ला क च्या लगेच पुढे ठेवा, किंवा अटीमध्ये डॉमिनेटर ट्रीला (कशातून गेल्याशिवाय कुठे पोहोचता येत नाही ते सांगणारी रचना) विचारा. डॉमिनेट्स() ला इन्स्ट्रक्शनऐवजी यूज देता येतो, तोच द्या. कारण खाली फायच्या भागात येईल.

तिसरी तक्रार: पुसताना

इथे गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण चूक एका ठिकाणी होते आणि फळ दुसऱ्याच ठिकाणी येतं.

क->यूजर्स() वर साधा लूप आणि आत यूजर->इरेज-फ्रॉम-पेरेंट() हे चालणार नाही, एवढं सगळ्यांना कळतं. हातातली कडीच गेली तर पुढे जायचं कशावरून? म्हणून मेक-अर्ली-इंक-रेंज लावतात. बऱ्याच फाइलींवर चालतं. मग एखाद्या फाइलमध्ये वरच्यासारखं मल %क, %क येतं.

लूप पहिल्या यूजवर आहे, दुसरा यूज धरून ठेवला आहे, आणि दोघांचा यूजर एकच आहे. तुम्ही यूजर पुसला. यूजची मेमरी यूजरची असल्यामुळे दोन्ही यूज त्याच्याबरोबर गेले. धरून ठेवलेली कडी आता मोकळ्या केलेल्या मेमरीत आहे. पण त्या मेमरीवर लगेच कुणी काही लिहिलं नसेल तर जुने आकडे तसेच असतात, आणि लूप बिनधास्त पुढे जातो. कधी तीच इन्स्ट्रक्शन परत पुसायला निघतो. कधी काहीच दिसत नाही आणि पुढचा एखादा पास मरतो.

अॅड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) बांधलेल्या ऑप्टवर हेच चालवलं तर 'हीप-यूज-आफ्टर-फ्री' असा रिपोर्ट येतो आणि त्यात तीन स्टॅक असतात. पहिला: मेमरी कुठे वाचली. दुसरा: कुठे मोकळी केली. तिसरा: मुळात कुठे घेतली. नवखा माणूस पहिल्यावर तासन्‌तास घालवतो, कारण तो सगळ्यात वर असतो. तिथे यूज डॉट एच मधली गेटनेक्स्ट किंवा गेटयूजर दिसते आणि 'एलएलव्हीएममध्येच बग आहे' असा निष्कर्ष निघतो. दुसरा वाचा. त्यात खाली उतरत गेलात की तुमच्याच फाइलमधली इरेज-फ्रॉम-पेरेंटची ओळ नंबरासकट सापडेल. पहिल्या आणि दुसऱ्या स्टॅकमध्ये तुमचं एकच फंक्शन आणि जवळजवळच्या ओळी असतील, तर निदान झालं.

उपाय: आधी गोळा करा, मग पुसा. यूजर्स एका स्मॉल-सेट-व्हेक्टरमध्ये भरा. सेट असल्यामुळे तोच यूजर दोनदा येत नाही, आणि व्हेक्टर असल्यामुळे क्रम भरला तसाच राहतो. नुसता स्मॉल-पीटीआर-सेट घेऊन त्यावर फिरू नका. त्याचा क्रम मेमरीतल्या पत्त्यांवर ठरतो, आज एक आउटपुट आणि उद्या दुसरं. असा क्रमावरचा अवलंब पकडण्यासाठी एलएलव्हीएम बांधताना एलएलव्हीएम-रिव्हर्स-इटरेशन हा पर्याय चालू करता येतो. मग क्रमाची हमी नसलेल्या ठरावीक कंटेनरांवर उलट्या क्रमाने फिरलं जातं, आणि आउटपुट बदललं की चोर सापडतो.

एक यूजर पुसताना दुसराही पुसला जात असेल, उदाहरणार्थ रिकर्सिव्हली-डिलीट-ट्रिव्हियली-डेड-इन्स्ट्रक्शन्स वापरत असाल, तर साधे पॉइंटर गोळा करून भागत नाही. तिथे वीक-ट्रॅकिंग-व्हीएच ठेवा. ज्याला ते धरून आहे ती इन्स्ट्रक्शन पुसली गेली की ते आपोआप रिकामं होतं, आणि ती दुसऱ्या व्हॅल्यूने बदलली गेली तर त्या नव्या व्हॅल्यूकडे जातं. वापरण्याआधी रिकामं आहे का ते बघायचं, बस. वर सांगितलेलं फंक्शन अशा हँडलचा अख्खा व्हेक्टर थेट घेतं, म्हणून पास चालू असताना मेलेल्या इन्स्ट्रक्शन नुसत्या जमा करायच्या आणि शेवटी एकदम सोपवायच्या ही सवय चांगली.

तिसरी रीत जुनी आणि भरवशाची: 'यादी रिकामी नाही तोवर' असा व्हाइल लूप, आणि दर फेरीला सुरुवातीचाच यूजर उचलायचा. कुठलीच कडी धरून ठेवायची नाही. मात्र दर फेरीत यादीतून काहीतरी कमी झालंच पाहिजे. एखाद्या यूजरवर 'हा नको' म्हणून कंटिन्यू मारलंत, तर तो सुरुवातीलाच राहील आणि तुम्ही परत पंख्याच्या आवाजाशी.

पुसताना "यूजेस रिमेन व्हेन अ व्हॅल्यू इज डिस्ट्रॉइड!" हे असर्शन (एलएलव्हीएमच्या कोडमधली स्वतःची तपासणी) आलं तर घाबरायचं कारण नाही, त्याने वाचवलंच आहे. तुम्ही पुसताय त्या इन्स्ट्रक्शनला अजून कुणी वापरतंय. त्याच्या वर 'यूज स्टिल स्टक अराउंड' असं म्हणून नेमका कोण वापरतोय तेही छापलेलं असतं, ते वाचा. उलट क्रमाने पुसा, म्हणजे आधी वापरणारे, मग वापरलेली. आणि एकमेकांना वापरणाऱ्यांचं चक्र असेल तर आधी तिचे वापर पॉइझनने (एलएलव्हीएमची 'निरर्थक' किंमत) बदला आणि मग पुसा.

ब्लॉकमधल्या इन्स्ट्रक्शनवर फिरतानाही हाच सापळा आहे. मल आणि त्यानंतरची अॅड मिळून एक करायची, म्हणून मल वर उभं राहून अॅड पुसली. अर्ली-इंकने 'पुढची' म्हणून धरलेली नेमकी तीच अॅड होती. उपाय तोच, जमा करा आणि शेवटी पुसा.

यूज किती आणि यूजर किती

मल %क, %क मध्ये यूज दोन, यूजर एक. यूजर्स() वर फिरलात तर तोच यूजर दोनदा भेटतो. खर्चाचा हिशोब करणारा पास असेल तर तो दुप्पट मोजतो, काउंटर घालणारा पास असेल तर दोन काउंटर घालतो. याला क्रॅश नाही, असर्शन नाही, आकडा फक्त चुकीचा येतो. मला विचाराल तर सगळ्यात वाईट प्रकार हाच.

हॅज-वन-यूज आणि हॅज-वन-यूजर ही दोन वेगळी फंक्शन आहेत ती याच कारणाने. 'ही इन्स्ट्रक्शन फक्त या एकाच जागी लागते का' असं विचारायचं असेल तर कोणतं हवं याचा विचार करा. आणि गेट-नम-यूजेस() हे अख्खी यादी चालून मोजतं, साठवलेला आकडा देत नाही. गेट-नम-यूजेस() == 1 असं लूपमध्ये लिहिलेलं दिसलं की ते हॅज-वन-यूज करून टाका. दोनपेक्षा जास्त आहेत का बघायचं तर हॅज-एन-यूजेस-ऑर-मोअर आहे.

फाय : वापर कुठे होतो

प्रत्येक यूजरच्या अगदी आधी काहीतरी घालायचं, हा नेहमीचा बेत. यूजर फाय असला की व्हेरिफायर ओरडतो: "फाय नोड्स नॉट ग्रुप्ड अॅट टॉप ऑफ बेसिक ब्लॉक!" फायच्या आधी दुसरी इन्स्ट्रक्शन बसत नाही.

मुळात फायमधला वापर फायच्या ब्लॉकमध्ये होतच नाही. तो होतो ज्या ब्लॉकमधून ती किंमत आली त्याच्या शेवटी. म्हणून यूजर फाय असेल तर गेट-इनकमिंग-ब्लॉक ला तो यूज द्या, जो ब्लॉक मिळेल त्याच्या टर्मिनेटरच्या (ब्लॉकच्या शेवटच्या इन्स्ट्रक्शनच्या) आधी नवी इन्स्ट्रक्शन घाला, आणि यू.सेट() करा. इथे यूजर्स() निरुपयोगी आहे. फाय हातात आला तरी कोणत्या बाजूची किंमत तुमची ते त्यावरून कळत नाही. यूजेस() वरच फिरावं लागतं. डॉमिनेट्स() ला यूज द्या असं वर म्हटलं तेही यासाठीच, यूज दिला की फायचा हा हिशोब ते स्वतः करतं.

स्विच असेल तर एकाच ब्लॉकमधून एकाच फायमध्ये दोन-तीन कडा येऊ शकतात आणि त्या सगळ्यांत तीच किंमत असावी लागते. प्रत्येक यूजला नवीन इन्स्ट्रक्शन दिलीत तर "मल्टिपल एंट्रीज फॉर द सेम बेसिक ब्लॉक विथ डिफरंट इनकमिंग व्हॅल्यूज" ऐकायला मिळेल. ब्लॉकनुसार एक मॅप ठेवा, त्या ब्लॉकसाठी आधी बनवलेली असेल तर तीच परत द्या.

ऑपरंडच्या दिशेने मागे मागे जाणारे रिकर्सिव्ह फंक्शन लिहीत असाल तर फायमुळे चक्र असतंच, 'पाहिलेले' चा सेट हवाच. शिवाय एंट्रीपासून न पोहोचता येणाऱ्या ब्लॉकमध्ये %अ = अॅड %अ, 1 हेसुद्धा वैध आहे. फाय नाही म्हणून चक्र नाही, असं धरून चालू नका.

ग्लोबल व्हेरिएबलच्या यूजर्सवर फिरताना यूजर इन्स्ट्रक्शनच असेल असं नाही, कॉन्स्टंट एक्सप्रेशनही असू शकतं. कास्ट ऐवजी डिन-कास्ट वापरा आणि रिकामं आलं तर त्या एक्सप्रेशनच्या यूजर्सकडे उतरा. साध्या पूर्णांक कॉन्स्टंटच्या, म्हणजे आय32 0 वगैरेच्या, यूजर्सवर फिरूच नका. तो 0 संपूर्ण कॉन्टेक्स्टमध्ये एकच असतो. जुन्या आवृत्त्यांत त्याच्या यादीत दुसऱ्या फंक्शनचेही वापर यायचे, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत अशा कॉन्स्टंटची यादी ठेवलीच जात नाही.

तपासायचं कशाने

वरची अर्धी असर्शन तुम्हाला कधी दिसलीच नसतील, तर त्याचं कारण बहुधा हे: उबंटूच्या पॅकेजमधून घेतलेला एलएलव्हीएम असर्शन बंद ठेवून बांधलेला असतो. त्यावर पास लिहिणं म्हणजे हॉर्न आणि आरसे काढून गाडी शिकणं. स्वतः बांधून घ्या, पण पूर्ण डिबग बिल्ड नको, 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिंकिंगलाच मशीन बसतं. रिलीज बिल्ड, असर्शन चालू, टार्गेट फक्त एक्स86, लिंकर एलएलडी, आणि एलएलव्हीएम-पॅरलल-लिंक-जॉब्स 1. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना दुपारी बिल्ड लावू नका. प्रोसेसर गरम होऊन स्वतःच मंदावतो, रात्री लावलेलं बिल्ड लवकर होतं.

सॅनिटायझर हवा तर ऑप्ट आणि तुमचा प्लगइन दोन्ही त्याच पर्यायांनी बांधलेले हवेत. एक तसा आणि एक असा चालत नाही.

मग ऑप्टला -व्हेरिफाय-ईच द्या, प्रत्येक पासनंतर व्हेरिफायर चालतो आणि दोन पास पुढचा क्रॅश आपल्या जागी येतो. चुकीची फाइल मोठी असेल तर एलएलव्हीएम-रिड्यूसला द्या. ते ती छाटून लहान करतं आणि बहुतेक वेळा शेवटी उरतं ते एखादं मल %क, %क नाहीतर दोन कडांचा फाय.

एक शेवटचं, ज्यावर लोक खरंच वैतागतात. क्लँगमधून (एलएलव्हीएमवर चालणारा सी/सी++ कंपायलर) चालवलं की पास चुकतो, तोच मध्यवर्ती कोड टेक्स्ट फाइलमध्ये काढून ऑप्टवर चालवला की बरोबर. पास तोच, इनपुट तोच. फरक यादीच्या क्रमात आहे. यूजच्या यादीचा क्रम प्रोग्रामच्या अर्थाचा भाग नाही, म्हणून टेक्स्ट फाइलमध्ये लिहिताना तो एरवी जपला जात नाही. परत वाचताना यादी नव्याने बनते, वेगळ्या क्रमाने, आणि तुमचा बग लपतो. क्लँगला -एक्सक्लँग -एमिट-एलएलव्हीएम-यूजलिस्ट्स द्या, ऑप्टमधून लिहिताना -प्रिझर्व्ह-एलएल-यूजलिस्टऑर्डर द्या. फंक्शनच्या किंवा फाइलच्या शेवटी यूजलिस्टऑर्डर अशा ओळी येतील आणि क्लँगमध्ये दिसलेली चूक ऑप्टवरही तशीच दिसेल. मदत मागताना हीच फाइल पाठवा, त्या ओळी छाटू नका.